निळ्या पाटीच्या गाडीचा एक महिना

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. आमच्या मुलीनं, मिराननं, महिनाभरासाठी भाड्यानं घेतलीय. छोटी एसयूव्ही, पूर्ण विजेवर चालणारी, म्हणून नंबरची पाटी निळी. "बाबा, महिनाभर रोजच्या कामाला चालवून बघा," म्हणाली. "पटली तर विकत घेऊ. पण खरं काय ते रोज लिहा. नुसतं बरी आहे, वाईट आहे, असं नको."

मला लिहायला सांगायची गरज नव्हती. बुसान शहरात तेहेतीस वर्षं बस चालवली आणि किलोमीटर लिहून खाली सही केल्याशिवाय एक दिवस घरी गेलो नाही. तर आजचा आकडा ३८६, बॅटरी ९१ टक्के.

जुनी गाडी सोळा वर्षांची झाली. या वर्षात तिची डावी बाजू तीनदा घासली गेली. आमच्याकडं डावी म्हणजे ड्रायव्हरची बाजू. तिथं मी स्वतः बसलेला असतो, तेव्हा माझ्या हातून ती घासणं शक्यच नाही. पार्किंगमध्ये कुणीतरी घासतं आणि पळ काढतं. मिरान ते ऐकून घेते, पण चेहरा करते आईसारखा.

गाडी घ्यायची तर आत्ताच. मार्चमध्ये मला पंच्याहत्तर पूर्ण होतील, आणि मग लायसन नव्यानं काढायला स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. ती एकदा पास झालो की पुढची तीन वर्षं कुणाच्या बापाला भीत नाही. ज्या दिवशी माझ्या हातातून स्टिअरिंग जाईल, त्या दिवशी मी घरातलं एक फर्निचर होईन. हे कुणापाशी बोललेलो नाही, फक्त इथं लिहितोय.

बायकोनं डिकीत दोरा गुंडाळलेला सुका मासा ठेवला, नव्या गाडीला ठेवतात तसा. म्हटलं, "भाड्याच्या गाडीला कसली पूजा करतेस?"

"तुम्ही भाड्याचे आहात का?" म्हणाली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मान गये. मानदोकचा चढ या गाडीनं असा चढला की मी उगाचच पाय आवळून बसलो होतो. आवाज नाही, धक्का नाही, मागं घसरणं नाही. बसमध्ये इंजिन माझ्या मांडीला लागून असायचं, घरी आल्यावरही कानात चालू राहायचं. ही गाडी चालते तेव्हा बायकोनं दात कोरलेलेसुद्धा ऐकू येतात.

पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि ती उतारावरची ताकद परत बॅटरीत जाते. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची वेळ फार येत नाही. पहिला अर्धा तास माझी मुंडी कोंबडीसारखी पुढं मागं होत होती, मग जमलं. मंडईच्या गल्लीत एका दमात वळते. सीट ना उंच ना खाली, बायको गुडघ्याला हात न लावता बसली.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डाव्या आरशातला नारिंगी दिवा. या शहरात डिलिव्हरीच्या मोटरसायकली जमिनीतून उगवल्यासारख्या येतात, आणि त्याही डावीकडूनच. त्या आल्या की दिवा लागतो. आज मोजला, अकरा वेळा. पैकीच्या पैकी मार्क.

बायकोकडंही लायसन आहे. एकोणतीस वर्षं कपाटात, लग्नातल्या कपड्यांच्या घडीखाली. एक दंड नाही, एक अपघात नाही, एक किलोमीटर नाही. तिला गाडीची आवडच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या सोसायटीत घरं जास्त आणि जागा कमी. म्हणून उभ्या गाड्यांच्या पुढ्यात आडवी गाडी लावायची, न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक न ओढता. ज्याला बाहेर पडायचं असेल त्यानं ती हातानं ढकलावी आणि आपली काढावी. तीस वर्षं असंच चाललंय. हँडब्रेक ओढून जाणाऱ्या माणसाची लिफ्टमध्ये नावानिशी निंदा होते. वॉचमन बोंगची तर अर्धी सकाळ गाड्या ढकलण्यात जाते.

पहाटे चार्जिंग पुरं झालं. चार्जरची जागा अडवून ठेवणं बरं नव्हे, म्हणून गाडी बाहेर काढून आडवी लावली, न्यूट्रल केली, बंद केली आणि गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो. तिथं फोन लॉकरमध्ये असतो. आठला आलो तर गाडी तीन गाड्या पुढं सरकलेली, आणि अगदी सरळ.

"एकट्यानं ढकललीस?" मी बोंगला विचारलं.

"हलली शेवटी, ड्रायव्हरसाहेब," म्हणाला आणि झाडूनं पानं गोळा करायला लागला.

बॅटरीची गाडी जड असते म्हणतात. पण एका माणसानं एवढी हलते म्हणजे चाकं उत्तम आहेत. घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात उभ्यानं घटाघट पाणी पीत होती. थंडीत एवढी तहान कशी लागते तिला, कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मिरान आणि नात जेवायला आल्या. इसोल पाच वर्षांची आहे. गाडीनं बोलावं म्हणून ती तिला प्रश्न विचारत बसली होती.

मिरान सहज म्हणाली, "बाबा, ही गाडी बंद केली की आपोआप ब्रेक लावून घेते. आडवी लावायची असेल तर पडद्यावरचं एक बटण दाबून धरावं लागतं. नाहीतर चार माणसं आली तरी हलायची नाही."

"माहीत आहे," म्हटलं. माहीत नव्हतं.

ती गेल्यापासून डोक्यात तेच आहे. परवा मी बटण दाबलं नव्हतं. मग बोंगनं गाडी ढकलली कशी? म्हणजे मी दाबलं असणार आणि विसरलो. किंवा मीच ती तिथं, तीन गाड्या पुढं लावली आणि विसरलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी आकडा ५६१ लिहिला, बॅटरी ७०. आज दुपारी झोपून उठलो, इसोलला बालवाडीतून आणायला खाली गेलो तर ५६८ आणि ६६. सात किलोमीटर कुठून आले? शिवाय सीट एवढी पुढं की गुडघे स्टिअरिंगला टेकले.

मिरानला फोन केला. मी चुकीचा आकडा लिहिला असेल हे काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "ही सीट आपोआप पुढं येते का गं?"

ती म्हणाली, "असेल काहीतरी सेटिंग, बाबा. थंडीमुळं."

थंडीमुळं बॅटरी उतरते हे वाचलंय. सीटचं नव्हतं वाचलं. पण गाडी हुशार आहे, काय काय करत असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षेची तयारी सुरू केलीय. सकाळी पाच शब्द पाठ करायचे आणि जेवताना आठवायचे. आजचे: छत्री, मुळा, पूल, मंगळवार, काका. जेवताना चार आले. पाचवा शोधण्याच्या नादात म्हणालो, "आज मुळ्याचं किमची वाढलं नाहीस?"

"तुमच्या हाताशी तर आहे," ती म्हणाली. होतं, डाव्या हाताशी. तिनं वाटी उचलून उजवीकडं ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली. मुळा, तोच पाचवा शब्द होता. मला हसू येईना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हिवाळ्यापुरतं किमचीचं लोणचं घातलं. मिठात मुरवलेले चाळीस कोबी, वर डबे, आल्या-लसणाच्या पिशव्या, आणि मिरानच्या वाट्याचं सगळं एका खेपेत गेलं. मागच्या सीट पाडल्या की ही छोटी दिसणारी गाडी चांगला टेम्पो होते. डिकीचा उंबरा खाली आहे, कमरेला त्रास नाही. स्टिअरिंग गरम होतं, ही चैन मला आयुष्यभर मिळाली नाही. बुसानमधल्या प्रत्येक बस ड्रायव्हरला हे स्टिअरिंग द्यायला हवं होतं.

बोगद्यात दोनदा स्टिअरिंग थरथरलं आणि गाडीनं स्वतःला मधोमध आणलं. रस्त्यावरचा पट्टा ओलांडू देत नाही. दोन्ही वेळा बायकोनं दाराची मूठ धरली. गाडी आपणहून काळजी घेते म्हटल्यावर मूठ कशाला धरायची?

येताना म्हणाली, "अहो, डोळे एकदा तपासून घ्यायचे का?"

"आधी तुझे तपास. सुईत दोरा कोण ओवून देतं तुला?"

"बरं," म्हणाली. आजकाल लगेच गप्प बसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ६८२. आज ६९१. नऊ किलोमीटर.

तीन वेळा तपासलं. माझंच अक्षर, माझीच सही. मी गाडी घेऊन कुठं गेलो होतो का? दुपारी दोन तास झोपलो होतो एवढं नक्की. की ते नक्की नाही? माझा थोरला भाऊ शेवटी असाच घरातून निघून जायचा आणि दुसऱ्या गावात सापडायचा. मला भीती वाटते. एवढी भीती मला बर्फातल्या घाटातही वाटली नव्हती. घरात कुणाला सांगणार नाही. सांगितलं की मिरान उद्याच चावी काढून घेईल.

गाडी मात्र चोख आहे. तिच्याकडून कधी चूक नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी नऊला निघालो. लख्ख ऊन. सोसायटीतून बाहेर पडायच्या वाटेवर वेग धावत्या माणसाएवढासुद्धा नव्हता. समोर रस्ता मोकळा. आणि गाडीनं स्वतःहून करकचून ब्रेक मारला. पट्टा छातीत रुतला. मी चिडलो. रिकाम्या रस्त्यात ब्रेक, हा पहिला दोष सापडला, आज लिहायचा असं मनात आलं. तेवढ्यात बॉनेटवर थाप पडली.

बोंग होता. एक पांढरी आडवी गाडी ओढत मागं मागं आला होता आणि आता माझ्या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून उभा होता. अंगात ते चकाकणारं पिवळं जाकीट. आंधळ्यालाही दिसेल असं.

काच खाली केली. म्हटलं, "कुठून आलास?"

"कुठून येणार? इथंच होतो," तो म्हणाला. रागावला नव्हता. तेच जास्त लागलं. "ड्रायव्हरसाहेब, मी हात केला होता. तुम्ही माझ्याकडं बघतच येत होता."

गाडी तिथंच सोडून घरी आलो. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहून उजवा डोळा झाकला. खालच्या ओळीतल्या दोन तारखा दिसल्या, बाकी भिंत.

बायको दारात उभी होती. मला आता लपवायचं बळ नव्हतं. म्हटलं, "डोळे गेलेत. आणि डोकंही जातंय. गाडी कुठं लावली ते आठवत नाही. मी न नेता किलोमीटर वाढतात. झोपलो होतो की फिरत होतो तेही कळत नाही मला."

ती खाली बसली.

"तुम्ही काही विसरला नाहीत," म्हणाली. "ती मी होते."

मग सांगितलं. त्या गुरुवारी गाडी अडकून पडली, तीन जण खोळंबले, शिव्या सुरू झाल्या. बोंगनं घरी फोन केला. मी न्हाणीघरात. ती गाडीचं कार्ड, म्हणजे चावीच, घेऊन खाली गेली, दोघांनी मिळून पडदा वाचला, आणि तिनं गाडी तीन गाड्या पुढं नेली. एकोणतीस वर्षांनी. मग अधूनमधून, दुपारी मी झोपलो की, शाळेमागच्या रस्त्यावर. बोंग फाटकापाशी रस्ता मोकळा करून द्यायचा. मिरानला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिच्या फोनवर गाडीचं सगळं दिसतं.

"सीट मागं करायला विसरायचे," ती म्हणाली. "तुम्ही वहीत आकडे लिहिता हे माहीत होतं. पण तुम्ही स्वतःला वेडं समजत असाल हे नाही आलं माझ्या मनात. माफ करा हो मला."

मला राग यायला हवा होता. डोकं शाबूत आहे या आनंदात तो कुठं गेला कळलं नाही. जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी हेही कळलं की आता चालवणं संपलं. रडलो. लिहून ठेवतोय, कारण खरं काय ते लिहायचं ठरलंय.

सव्वातीन वाजले. इसोलला आणायचं होतं. बायकोनं खुंटीवरचं कार्ड घेतलं.

"चला," म्हणाली.

मी उजवीकडून बसलो. दार शोधायलासुद्धा वेळ लागला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांचं हॉस्पिटल. एका पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधेमधे यंत्र बराच वेळ बंद पडत होतं. तिथल्या बाईंना तसं सांगितलंही.

"यंत्र चालूच होतं, आजोबा," त्या म्हणाल्या.

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याची नाकाकडची बाजूही. दोन्ही मिळून माझी डावीकडची बाजू नाहीशी झालीय. मी डॉक्टरांना विचारलं, मग तिथं काळं का दिसत नाही? म्हणाले, मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो. म्हणजे बोंग उभा होता तिथं माझ्या डोक्यानं रस्ता रंगवला होता. डिलिव्हरीवाली पोरं डावीकडूनच का उगवत होती तेही कळलं. जुन्या गाडीवरचे तीन ओरखडेही माझेच. वर्षभर त्या पळून गेलेल्या माणसांना मी काय काय म्हणालो.

गेलेलं परत येणार नाही. उरलेलं रोजच्या थेंबांनी राहील. चालवायचं नाही.

गाडीबद्दल मिरानला सांगायचं ते असं: मी तिला तपासत होतो आणि ती मला सांभाळत होती. बोंगच्या घरी बायको आहे, कॉलेजातला मुलगा आहे. या गाडीच्या जागी माझी जुनी गाडी असती तर आज मी काय लिहीत असतो, याचा विचार करवत नाही. आज सोजू दारूची बाटली आणि संत्र्यांची पेटी घेऊन बोंगकडं गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, मी पण सांगायला हवं होतं. पण वहिनींनी शपथ घातली होती."

३ डिसेंबर, बुधवार

पोलीस ठाण्यात जाऊन लायसन परत केलं. खिडकीतल्या मुलीनं एक फॉर्म दिला, लायसन घेतलं आणि बदल्यात बसनं फिरायचं कार्ड दिलं. म्हटलं, "पोरी, मी तेहेतीस वर्षं बस चालवली."

"मग आता बसून बघा, आजोबा," म्हणाली. चांगली होती, हसून म्हणाली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. मला वाटलं होतं की जास्त वेळ लागेल.

येताना बायको चालवत होती. मानदोकच्या चढावर तिचा पाय इतका हलका की गाडी चढतेय की नाही हे बाहेरच्या झाडांवरून कळावं. कुठं घाई नाही, कुठं धाक नाही. तिच्यासारखं मी शिकल्यावर पहिल्या महिन्यात चालवत नव्हतो. माझा उजवा पाय मात्र सगळा वेळ पायाखालची चटई दाबत होता.

शेवटी विचारलं, "मिरानची आई, मला का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं का तुला?"

"तुम्ही शिकवायला बसला असता," ती म्हणाली.

मी काही समजलो नाही. मग तिनं रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं. लायसन मिळालं त्याच आठवड्यात, एका रविवारी मी तिला शिकवायला शेजारी बसलो होतो. याच चढावर. गाडी तीनदा बंद पडली. मी म्हणालो, "मागं साठ माणसं भरलेली असती तर आज साठ मेली असती." मागं कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ती उतरली आणि चालत घरी गेली. मी गाडीतून तिच्या पुढं निघून गेलो. घरी पोचल्यावर भात मागितला. त्या दिवशी लायसन कपाटात गेलं.

"तुम्ही नंतर कधी त्यावर बोलला नाहीत," ती म्हणाली. "मी वाट बघितली थोडे दिवस."

मी खूप आठवून बघितलं. तो रविवार, तो चढ, तिचं उतरणं, तो भात. काहीच नाही. महिनाभर मी घाबरत होतो की मी गोष्टी विसरतोय, आणि त्यातली एकही विसरलो नव्हतो. ही मात्र खरोखरच विसरलो होतो. मी सगळ्यांना सांगत आलो की तिला गाडीची आवडच नाही.

"चुकलं माझं," म्हटलं. एकोणतीस वर्षांनी म्हणायला फारच लहान शब्द आहेत. ती नुसती हूं म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "रविवारी समुद्रावर जाऊ. मी नेते."

मिरानला फोन केला की गाडी घे आणि आईच्या नावावर घे. आजचा आकडा ८४४, बॅटरी ५३. हा तिनं सांगितला, मी लिहिला. सही तिची घेतली.

सोसायटीत जागा नव्हती. तिनं गाडी आडवी घेतली, पुढची चाकं जरा जास्तच वळवली, परत मागं घेतली, परत पुढं. चार वेळा. मी एका फेऱ्यात लावली असती. मी हात मांडीवर ठेवून बसलो आणि काही बोललो नाही.